बुटक्या पायऱ्यांचा जिना

परवा फोनवर तुम्ही दोघांनी तुमच्या घराचं तळघर दाखवलंत. घर तुम्ही नव्याने घेतलेलं असलं तरी बांधलेलं फार जुनं आहे, हे त्या भिंती पाहूनच मला कळलं. बाबांनी कुजका जिना काढून टाकला होता आणि नव्या जिन्यासाठी भिंतीवर पेन्सिलीने रेघा ओढल्या होत्या. मी विचारलं, "पायरी केवढी उंच ठेवणार?" बाबा म्हणाले, "नियमाप्रमाणे." आणि तू, ताई, हसून म्हणालीस, "आजी, तुला जिन्यातलं काय कळतं गं?"

फार काही कळत नाही. पण जुन्या घरात तळघराचा जिना होताना मी एकदा जवळून पाहिला आहे, आणि तो जिना मी अजून रोज उतरते. जव्हारला आलात की ज्या पायऱ्यांवर बाबांचा पाय हमखास अडखळतो, त्याच त्या. "ह्या असल्या पायऱ्या केल्या कुणी?" असं ते दर वेळी विचारतात आणि मी "आधीपासूनच्या आहेत" असं म्हणून चहा ठेवायला उठते. चहा ठेवता ठेवता सांगावी अशी ती गोष्ट नाही. म्हणून लिहून पाठवते आहे. वाचताना अडेल तिथे आईला विचारा.

ज्यांनी तो जिना करून घेतला त्यांचं नाव मी लिहीत नाही. तसंही त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. जव्हारात त्या सिस्टर होत्या आणि पाड्यांवर सिस्टरबाय. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी मोखाड्याच्या बाजूच्या पाड्यांवर पायी फिरून काढली होती. तुमचे आजोबा गेल्यावर मी इथल्या शाळेत इंग्रजी शिकवायला आले आणि त्यांच्या घरात भाडेकरू म्हणून राहिले, तेव्हा त्या निवृत्त झालेल्या होत्या. साडी मात्र तीच, पांढरी, निळ्या काठाची. "नोकरी संपली, साड्या नाय संपल्या," असं म्हणायच्या.

पहिल्या दिवशी सामान लावून झाल्यावर मी तोंड धुऊन आरशासमोर उभी राहिले, तर आरशात माझं पोट. आरसा कमरेइतक्या उंचीवर ठोकलेला होता. मला वाटलं, वरचा खिळा निसटला असेल. जाऊन सांगितलं.

"निसटला नाय. तिथंच आहे तो," सिस्टर म्हणाल्या. "खाली बसा नि वेणी घाला. उभ्यानं कोण वेणी घालतं?"

"पण कुणी पाहुणे आले तर?"

"पाहुण्यांना त्यांचं पोट दिसू दे. बरं असतं ते."

मग हळूहळू ध्यानात आलं की आरसाच काय, सगळं घरच बुटकं आहे. दारांच्या वरच्या कड्या काढून खाली, गुडघ्याच्या जरा वर बसवलेल्या. पाण्याचा माठ जमिनीवर. भिंतीत वर होते ते जुने कोनाडे विटा घालून बुजवलेले, आणि मीठ, गूळ, पोहे, शेंगदाणे सगळं सर्वांत खालच्या फळीवर. आणि एकाही डब्याला झाकण नाही! तुम्हाला माहीत आहे, मी पाण्याचा पेलासुद्धा उघडा ठेवत नाही. मला ते बघवेना. मी बाजारातून मापाची झाकणं आणली आणि एक दिवस त्या बाहेर गेलेल्या असताना सगळ्या डब्यांवर घालून टाकली. संध्याकाळी ती झाकणं धुऊन, पुसून, एकावर एक रचून माझ्या उंबऱ्याशी ठेवलेली सापडली.

मुंग्यांसाठी मांडणीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या होत्या. उंदरांसाठी मांजर होती. ती लठ्ठ आणि आळशी होती. तिच्याशी सिस्टर खोडाळ्याकडच्या आपल्या बोलीत बोलायच्या, माझ्याशी नीट मराठीत, आणि रागावल्या की दोन्ही एकत्र.

गल्लीतली पोरं केव्हाही घरात शिरत, गुळाचा खडा नाहीतर मूठभर शेंगदाणे उचलत आणि निघून जात. एखादं नवं पोर दारात थबकून "घेऊ का?" विचारी. त्यावर मात्र सिस्टर भडकायच्या. "विचारतोस कशाला रं? दिसतंय ना? दिसतंय तर घ्यायचं!" पोर घाबरून पळून जाई आणि दुसऱ्या दिवशी न विचारता येई. ह्याच पोरांना मी शाळेत 'मे आय' म्हणायला शिकवत होते. मी एकदा तक्रारही केली.

"शाळा तुमची, मास्तरीणबाई," त्या म्हणाल्या, "घर माझं."

एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी त्यांना ओढून नेलं. घर चांगलं होतं, बायका चांगल्या होत्या, सगळं छान चाललं होतं. सिस्टरच्या केसांत कुणीतरी गजराही माळला. तेवढ्यात घरच्या सुनेने ताटातल्या तिळाच्या लाडवाकडे गेलेला आपल्या मुलीचा हात हलकेच बाजूला केला आणि म्हणाली, "हात नाही हं लावायचा." कुठलीही आई म्हणेल तसंच म्हणाली. सिस्टर उठल्या. पाटावरचं वाण तिथेच ठेवलं, चपला घातल्या आणि चालू लागल्या. मी मागून धावले. रस्त्यात त्यांनी गजरा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तुम्ही जा परत. तुमचं काय नाय त्यात." मला वाटलं, विक्षिप्तपणा. गावालाही तसंच वाटायचं.

पण सर्वांत विचित्र गोष्ट वेगळीच होती. इतकी वर्षं नर्स असलेली ही बाई कुणालाही सल्ला देत नसे. जखम बांधून देत, ताप बघत, बाळंतिणीजवळ रात्र काढत. पण कुणी विचारलं की "सिस्टर, पोराला काय देऊ? कसं ठेवू?" तर दोन्ही हात वर करून म्हणायच्या, "डॉक्टरला विचार. मला नको विचारू. माझं लोक ऐकतात." हे त्या अशा काही बोलायच्या की जणू लोकांनी ऐकणं हे संकट आहे. मला हसू यायचं. शाळेत माझं कुणी ऐकत नसे, आणि इथे ह्यांची तक्रार ही!

आता तळघराकडे येते.

हे घर पूर्वी एका दाणेवाल्या व्यापाऱ्याचं. उतारावर बांधलेलं असल्यामुळे पुढून ते एकमजली दिसतं, पण मागच्या बाजूने पाहिलं तर खाली आणखी एक खोली आहे. तेच तळघर. तीन बाजू जमिनीत, चौथी उघड्यावर, तिला गजांची खिडकी. त्यामुळे ते कोरडं राहतं. वर पावसाळ्यात कौलं ठिबकतात, खाली थेंब नाही. तिथे सिस्टरची नागलीची, म्हणजे नाचणीची, कणगी होती. बांबूची विणलेली, शेणाने लिंपलेली, रुंद आणि बुटकी. खोडाळ्याजवळ त्यांच्या भावाचं शेत होतं. सुगी झाली की भाऊ त्यांच्या वाट्याची नागली आणून ओतायचा. नागलीला कीड लागत नाही, वर्षानुवर्षं राहते. पण सिस्टरची कधी वर्षभर राहिली नाही.

श्रावण-भाद्रपदात रोजावर जगणाऱ्या घरांत काम नसतं आणि धान्यही संपलेलं असतं. अशा घरांतली पोरं पातेलं नाहीतर फडकं घेऊन यायची. स्वयंपाकघराच्या लाकडी जमिनीत एक चौकोनी भोक होतं आणि त्यातून खाली सरळसोट शिडी गेलेली. सिस्टर पदर खोचून शिडीने उतरायच्या, पातेलं भरायच्या आणि डोक्यावर धरून वर यायच्या. माप नव्हतं. पातेलं केवढं आहे तेच माप. पण वर आल्यावर त्या कधी खूश दिसत नसत. एकदा पुटपुटल्या, "मी दिलं म्हणजे मी असेपर्यंतच."

मग एका पावसाळ्यात त्या शिडीवरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात बरेच दिवस पडून होत्या. मी रोज शाळा सुटल्यावर जाऊन बसायची आणि घरचं काय ते सांगायची. त्यात एक दिवस मी त्यांना बरं वाटावं म्हणून एक गोष्ट सांगितली. शाळेतून घरी आले तर त्या भोकाच्या काठाशी एक अनोळखी लहान मुलगी मांडीत पातेलं घेऊन बसली होती, खाली बघत. शिडी उतरायला तिचे पाय पुरत नव्हते. शेजारीण म्हणाली, दुपारपासून बसली आहे. शेजारी फळीवर शेंगदाणे, गूळ, पोहे सगळं उघडं, पण तिने एका दाण्याला हात लावला नव्हता. "मीच उतरले आणि पातेलं भरून दिलं," मी म्हटलं. "पण किती गुणी मुलगी, सिस्टर!"

सिस्टरनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मग म्हणाल्या, "हात लावू नको म्हणून कुणी सांगितलं तिला?"

"कुणीच नाही. घरात होतंच कोण?"

"मग घरी कुणीतरी सांगून ठेवलं असणार." मी निघाले तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "मास्तरीणबाई, जिना करायचा. पोराला एकट्यानं उतरता यायला पाहिजे. कुणी असो नसो."

काठीवर चालायला लागल्या तशी त्यांनी मिस्त्री बोलावला. मोखाड्याच्या पलीकडच्या पाड्यावरचा, पन्नाशीचा, हाताने चांगला आणि तोंडाने त्याहून चांगला. मुंबई-ठाण्याच्या इमारतींवर काम करून आलेला, त्यामुळे अधूनमधून हिंदी. पाया खणायच्या आधी त्याने विचारलं, पायरी केवढी? सिस्टरनी भिंतीचा आधार घेतला, वाकल्या आणि जमिनीपासून थोड्याशा उंचीवर हाताचा तळवा आडवा धरला.

"एवढी."

मिस्त्री माझ्याकडे बघून हसला. "बाय, ही पायरी हाय का पाट? बसून उतरायचंय का?"

"उतर बसून. तुला कोण नको म्हणतंय?"

"तसं नाय. पायरी बुटकी तं जिना लांब. जिना लांब तं वरच्या फळ्या आणखी कापाव्या लागतील. तुमचा सैपाकघर अर्धा जाईल."

"जाऊ दे."

"नि ही तुमची खाट कुठं टाकाल?"

"ओटीवर."

"थंडी लागंल."

"तुला जिना सांगितलाय. खाट नाय सांगितली."

"बरं, पण हे माप आणलंत कुठून?"

"एका पोरीचं आहे."

"मंग आणा ना पोरीला! पाय टेकवून बघू. अंदाजपंचे कशाला?"

सिस्टर काठी टेकत मांजरीला शोधायला निघून गेल्या. मी त्या तळव्याचा विचार करत राहिले. आरसा, कड्या, फळ्या, सगळं ज्या उंचीवर होतं ती त्यांच्या हाताला पाठ होती. कधी टेपने मापताना मी त्यांना पाहिलं नाही.

काम सुरू झालं. घरभर विटांचा चुरा आणि सिमेंट. माझ्यासारखीचे काय हाल झाले असतील ते तुम्हीच ओळखा. मिस्त्री दिवसभर बडबडायचा. ह्या जिन्याला लोक हसतील, विचारतील कुणी केला, आणि माझं नाव निघेल, हे त्याचं दुखणं. "बाय, मोठ्या माणसाचा पाय चुकतो असल्या पायरीवर. पडलं कोण तं शिव्या मला." त्याचं अगदीच चूक नव्हतं. तुमच्या बाबांना विचारा.

एक दिवस सिस्टरना हाड दाखवायला नाशिकला जावं लागलं. भाचा घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या आणि आल्या आल्या भोकाशी जाऊन उभ्या राहिल्या. खालच्या पायऱ्या तयार होत्या, सुबक, शहाबादी फरशी बसवलेल्या, आणि सगळ्या नेहमीच्या उंचीच्या. मिस्त्रीने त्यांच्या मागे आपल्या मताने उरकून घेतलं होतं.

"हे काय केलंस?"

"जिना केलाय, बाय. जसा असतो तसा." तो खाली उभा राहून वर बघत होता, हातात थापी. आवाजात थोडी भीती होती आणि थोडी लाडीगोडी. "रागवू नका. तुमच्याच भल्याचं सांगतो. पोरांना उतरता येईल असा जिना केलात तं पोरं दाण्यात हात घालतील. घाणीचे हात. कोंबड्या जातील खाली. दाणं कसं, वर ठेवायचं, सुकं. शिडी काढून घ्यायची. पोरांना हात लावू नाय द्यायचा." आणि मग अगदी अभिमानाने म्हणाला, "मी कोण सांगणारा! तुम्हीच तं सांगलंवता माझ्या आयला. आमच्या पाड्यावर यायचात ना तुम्ही? तुमच्या तोंडचं अजून पाठ हाय तिला. अजून तसंच ठेवते, माळ्यावर."

मी सिस्टरकडे पाहिलं. त्या खाली बसल्या. खुबा दुखत असताना, आधाराशिवाय, तशाच भोकाच्या काठावर बसल्या, आणि पाय आत सोडले. जिथे ती पातेलंवाली मुलगी बसली होती तिथेच.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "मी सांगायचे."

मग त्यांनी जे सांगितलं ते मिस्त्रीला सांगितलं, मला नाही. मी चुलीपाशी उभी होते म्हणून ऐकलं. आठवतं तसं लिहिते.

"मला तसं सांग म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. माझ्याच डोक्यातलं. पाड्यावर पोरांना सारखे जुलाब. मी बघायची, पोरं मातीच्या हातानं कणगीत हात घालतात, कोंबड्या चढतात, उंदीर. मी घरोघर सांगत सुटले. वर ठेवा, झाकून ठेवा, पोरांना हात लावू देऊ नका. लोक हो म्हणायचे नि करायचे काय नाय. तेच बरं होतं. तुझ्या आयसारखी दोन-चार घरं ऐकायची. एका घरानं सगळंच ऐकलं.

"दिवाळीमागं पाडा रिकामा होतो, तुला ठाऊक आहे. सगळे वीटभट्टीवर. त्या घरी मागं राहिली म्हातारी, डोळ्यानं अधू, नि नात. एवढीशी." त्यांचा तळवा नकळत हवेत आडवा झाला. "बापानं नागली माळ्यावर चढवली. थोडी खाली ठेवली. पोर हात घालील म्हणून शिडी काढून भावाकडं दिली. भाऊ लागेल तशी काढून देणार होता. तर भावाला मुकादम न्यायला आला, तोपण गेला. खालची संपली. म्हातारी तापानं पडली. माझी फेरी तिकडं आली तेव्हा पोर खांबाला टेकून बसलेली. मी म्हटलं, घरात खायला काय आहे गं? तिनं वर बोट केलं."

मिस्त्रीने थापी खाली ठेवली.

"उचलली तिला नि निघाले. अंगात ताप. चालता चालता बोलत होते तिच्याशी, जागी राहावी म्हणून. म्हटलं, येडे, खांबावरनं चढायचं की. आंब्यावर चढता तुम्ही पोरी. तर माझ्या कानाशी म्हणते, 'दाण्याला हात नाय लावायचा. बायनं सांगलंय.'"

सिस्टरचा हात मानेवर गेला.

"बाय म्हणजे मी. तिनं मला ओळखलं नव्हतं. जव्हारचा चढ चढेपर्यंत मानेला तिचा श्वास लागत होता. मग नाय लागला.

"म्हातारी वाचली. नंतर कधी भेटली की माझ्या पाया पडायची."

आपल्या भागातल्या कुपोषणाने गेलेल्या पोरांचे फोटो पेपरात यायला लागले, त्याच्या आधीची ही गोष्ट. त्या मुलीचा फोटो कुठे आला नाही. तिचं नावही सिस्टरनी त्या दिवशी घेतलं नाही, आणि पुढे कधी मी विचारलं नाही.

मिस्त्रीने कोपऱ्यातला हातोडा घेतला आणि सगळ्यांत वरची नवी फरशी उखडली. मग खालची. त्या दिवशी तो जेवायला बाहेर गेला नाही आणि हिंदीत काही म्हणाला नाही. संध्याकाळी हातपाय धुऊन निघताना दारात घुटमळला.

"बाय, आयला काय सांगू? ती अजून माळ्यावरच ठेवते."

मला सिस्टरचं उत्तर ठाऊक होतं, मला नको विचारू. त्यांनी हात वर केलेही. मग खाली घेतले.

"सांग तिला," त्या म्हणाल्या. "म्हणावं, सिस्टरबाय चुकली होती."

जिना झाला. स्वयंपाकघर खरंच अर्धं गेलं आणि खाट ओटीवर आली. पायऱ्या इतक्या बुटक्या आणि रुंद की खाली जाताना चालल्यासारखं वाटतं, उतरल्यासारखं नाही. मिस्त्रीने भिंतीला लागून एक लाकडी कठडाही बसवला, ती नात दाखवताना सिस्टरनी तळवा धरला होता त्या उंचीवर. तो सांगितलेला नव्हता. जाताना मला म्हणाला, "टीचर, हा मी केला असं कुणाला सांगू नका हां." मग वळून म्हणाला, "कुणाला तसाच पाहिजे असंल तं सांगा."

आणि आता तुझं, ताई. धाकट्या, तू तेव्हा जन्मला नव्हतास.

त्या उन्हाळ्यात तू आईबरोबर आली होतीस. तीन पूर्ण झालेली, चौथं चालू. पहिल्याच दिवशी दुपारी आम्ही मोठ्या बायका ओटीवर बोलत बसलो होतो, आणि तू कुठे दिसेनास. तुझी आई घाबरून उठली. मी म्हटलं, आत असेल. आम्ही आत गेलो तर तू जिन्याने वर येत होतीस. कठड्याला धरून, एकेक पायरी, आपली आपण. कुणी तुला जिना दाखवला नव्हता, नागली दाखवली नव्हती. तुझी एक मूठ घट्ट मिटलेली आणि तीतून बारीक लाल दाणे पायऱ्यांवर गळत होते. तोंडालाही लागलेले. हात कोपरापर्यंत धुळीने माखलेले.

मी आपली मी. माझ्या तोंडून निघालंच, "अगं, आधी हात—"

सिस्टरनी माझं मनगट धरलं. मांजर धरावी तसं, पण घट्ट. तुझ्याकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही.

"राहू दे, मास्तरीणबाई," त्या म्हणाल्या. "हात मागनं धुता येतात."

तू वर आलीस, मूठ उघडलीस आणि उरलेले चार दाणे त्यांना दाखवलेस. त्यांनी त्यातला एक उचलून तोंडात टाकला. मग काठी टेकत ओटीवर जाऊन खाटेवर पडल्या आणि पदर तोंडावर घेतला. तुझ्या आईला वाटलं, उन्हाने थकल्या. मी त्यांच्यासाठी पाणी नेलं, पण दिलं नाही. तांब्या तसाच खाली ठेवून आले, त्यांच्या हाताशी.

पुढच्या वर्षी थंडीत त्या गेल्या. ओटीवरच. मिस्त्री म्हणाला होता तशी थंडी लागलीच शेवटी. त्यांना न्यायला पाड्यांवरून इतके लोक आले की मला कळेना, कुणी कुणाला कळवलं. मिस्त्रीची आई आली होती, वाकलेली, काठी घेऊन. ती माझ्याजवळ बसली आणि सांगत राहिली की सिस्टरबायचं सगळं आम्ही ऐकायचो, पहिलं पण ऐकलं आणि नंतरचं पण ऐकलं.

घर आता भाच्याचं आहे. तो खोडाळ्यालाच असतो. मी भाड्याने राहते, तशीच. सुगी झाली की तो नागली घेऊन येतो, खाली ओततो आणि म्हणतो, "आत्याचं हाय, चालू दे." पावसात पोरं येतात. आता ती मला हाक मारत नाहीत. मी वरती पेपर वाचत असते, खाली पातेल्याचा आवाज होतो, आणि थोड्या वेळाने ओल्या पायांचे ठसे दारापर्यंत गेलेले दिसतात. ते मी नंतर पुसते.

बाबांना म्हणावं, नियमाप्रमाणे करा. तुमच्या तळघरात धुण्याचं यंत्र आणि जुने खोके आहेत, तिथे नियमच बरा. मला फक्त उंची विचारायची होती, कारण जिना म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे हवेत आडवा धरलेला एक तळवा येतो.

बाकी घरात मी पुष्कळ फेरफार केले आहेत. आरसा वर ठोकला. माझ्या खोलीत सगळ्या डब्यांना झाकणं आहेत, ती तीच, उंबऱ्याशी परत आलेली. खालच्या फळीवरच्या डब्यांना मात्र घातलेली नाहीत. कणगीतली नागली थोडी उंदीर खातात. ही आताची मांजर त्या लठ्ठ मांजरीची नात असावी, तितकीच आळशी आहे. भाच्याने गेल्या वर्षी पत्र्याचं झाकण करून आणलं होतं, कडी लावून, चांगलं घट्ट बसणारं. तुम्हाला माहीत आहे, मला उघडं भांडं बघवत नाही.

ते मी त्याच्याबरोबर परत पाठवलं.